भिलाई डायरी : भलं करायचं म्हणजे नेमकं काय?



या वेळची पोस्टिंग जरा वेगळी आहे. ना बर्फ, ना वाळू, ना रात्रीची गस्त. एनसीसी बटालियनमध्ये पीआय स्टाफ, म्हणजे कॉलेजच्या पोरांना ड्रिल आणि वेपन ट्रेनिंग शिकवायचं. मुक्काम छत्तीसगडात, दुर्ग-भिलाई. सरकारी क्वार्टर मिळालं नाही म्हणून हुडकोत भाड्याचं घर घेतलं. हे हुडको कुणा माणसाचं नाव नव्हे. हाउसिंग अँड अर्बन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या आद्याक्षरांवरून वसाहतीला ते नाव पडलं. पत्त्यावर आमदी नगर लिहितात, पण रिक्षावाल्याला हुडको म्हटलं की पुरे.

भिलाई हे गाव नव्हे, कारखान्यानं वसवलेलं शहर आहे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. मग कामासाठी अख्खा देश इथे आला. केरळी, तेलुगू, बंगाली, ओडिया, पंजाबी आणि आपली मराठी माणसंही. आमच्याच गल्लीत पाच भाषा बोलल्या जातात. पलटणीत राहिलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही.

आता मुद्द्याचं. साताऱ्याचा माझा एक जुना साथीदार सुभेदार होऊन निवृत्त झाला. आमचं आठवड्यातून एकदा फोनवर बोलणं होतंच. मागच्या महिन्यात त्यानं सरळच विचारलं, "राग मानू नकोस गड्या, पण तुमच्यात दवाखाने, शाळा, दानधर्म एवढा करतात तो कशासाठी? शेवटी माणसं वाढवायलाच ना?"

राग आला नाही. वीस वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाला असा प्रश्न विचारायचा हक्क असतो. पण फोनवर दोन वाक्यांत देता येईल असं उत्तरही माझ्याकडे नव्हतं. म्हणून हा लेख.

मी नगर जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा मराठी ख्रिस्ती. आमच्या गावच्या मंडळीत रविवारी पेटी-तबल्यावर टिळकांची भजनं होतात. टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. फौजेत माझा धर्म कधी कुणाच्या आड आला नाही. युनिटमध्ये सर्वधर्मस्थळ असतं, एका छपराखाली सगळे देव. मंदिर परेडला मी रांगेत उभा राहिलो आहे, आणि नाताळात माझे हिंदू-शीख साथीदार केक कापायला माझ्याआधी हजर असायचे. तिथे "हा का मदत करतो?" असं कुणी विचारत नाही. जखमीला पाठीवर घेताना त्याचा धर्म विचारला तर लोक वेड्यात काढतील. सिव्हिलमध्ये मात्र हा प्रश्न विचारला जातो. तो कसा येतो, ते हुडकोत प्रत्यक्ष पाहिलं.

आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात. मूळच्या छत्तीसगडी. नवरा प्लांटमधून रिटायर होऊन वारला, मुलगा दूर दक्षिणेत नोकरीला. इथे आईला 'दाई' म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना दाईच म्हणतो. पावसाळ्यात दाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्या दोघातिघांनी मिळून त्यांना सेक्टर ९च्या हॉस्पिटलात नेलं. मुलाला सुट्टी मिळून यायला दिवस लागणार होते. तोवर दोन वेळचा डबा, औषधं, रात्री सोबत, यातलं बरंचसं माझ्या बायकोनं अंगावर घेतलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारचं दार आपलंच, एवढाच तिचा हिशोब.

पाचव्या-सहाव्या दिवशी दाईंच्या मुलाचा मला फोन आला. बोलणं अदबीचं, पण आवाज आखडलेला. कॉलनीतल्या कुणीतरी त्याला कळवलं होतं, की तुझ्या आईभोवती ख्रिस्ती लोक जमलेत, सांभाळ. त्यानं विचारलं, "अंकल, आप लोग मम्मी के पास प्रार्थना वगैरह तो नहीं करवा रहे?"

मी म्हणालो, "नाही बेटा. पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, आईला विचार. तिला आमचा डबा नको असेल तर उद्यापासून बंद करू, दुसरी सोय लावून देऊ. सोय लागेपर्यंत मात्र चालू राहील, कारण म्हातारं माणूस उपाशी ठेवता येत नाही."

फोन ठेवल्यावर बायको गप्प होती. मग म्हणाली, "अहो, आपण काय केलं असं?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला मी काय सांगितलं, ते इथेही लिहितो. त्या मुलाची शंका आकाशातून पडलेली नाही, तिला इतिहास आहे.

छत्तीसगडात पहिलं मिशन आलं ते १८६८ साली. ऑस्कर लोर नावाच्या पाद्र्यानं विश्रामपूर वसवलं. सतनामी समाज मोठ्या संख्येनं ख्रिस्ती होईल अशी त्याची आशा होती. तसं झालं नाही, थोडेच लोक आले. पुढे दुष्काळ पडले. धमतरीला मेनोनाइट मिशनरी आले ते १८९९च्या दुष्काळात. १९१० साली तिथे दवाखाना निघाला, तो अजून आहे. चांपाला १९०२ साली कुष्ठरोग्यांसाठी आश्रम झाला. ज्यांना घरचे लोक शिवत नव्हते, त्यांच्या जखमा तिथे धुतल्या गेल्या. हे सगळं खरं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कित्येक मिशनरी मायदेशी अहवाल पाठवत, त्यात बाप्तिस्म्यांचा आकडा असे. दुष्काळात जो अन्न देतो त्याचा धर्म घेणाऱ्या भुकेल्या माणसानं तो मनानं घेतला की पोटानं, हे कसं ठरवायचं? १९५४ साली त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारनं, राजधानी तेव्हा नागपूर होती, निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६च्या अहवालात तिनं म्हटलं की शाळा, दवाखाने आणि अनाथालयांचा वापर धर्मांतरासाठी होतो. चर्चच्या लोकांनी तो अहवाल एकतर्फी म्हणून नाकारला. पुढे १९६८ साली कायदाही आला. अहवाल बरोबर की चूक यावर आजही भांडणं होतात. मी त्यात पडत नाही. पण ज्या प्रदेशात हे सगळं घडलं, तिथल्या मुलाला आईच्या खाटेजवळ ख्रिस्ती बाई दिसली की धाकधूक होणार. त्याच्यावर चिडून चालणार नाही. आपल्या वागण्यातूनच उत्तर द्यायला हवं.

आता टिळकांकडे येतो. मराठी वाचकाला ही गोष्ट माहीत असेल, पण ती इथे शेजारी घडली, हे मला इथे येईपर्यंत कधी जाणवलं नव्हतं. दुर्गहून नागपूरकडे निघालं की पहिलं मोठं स्टेशन राजनांदगाव, तीसेक किलोमीटरवर. १८९३च्या सुमारास टिळक तिथल्या संस्थानात नोकरी मिळेल म्हणून नागपूरहून रेल्वेनं निघाले. डब्यात एक गोरा सहप्रवासी होता. कवितेवरून बोलणं निघालं आणि धर्मावर आलं. त्यानं टिळकांना बायबलचा नवा करार दिला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना तेव्हा ते अशक्यच वाटलं. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या गोष्टीत लोकांना भविष्य खरं ठरल्याचं नवल वाटतं. मला वेगळंच वाटतं.  त्या माणसानं पुस्तक दिलं आणि आपल्या स्टेशनला निघून गेला.  टिळकांना पुस्तक खिडकीतून फेकून द्यायची पूर्ण मुभा होती. ते नोकरी शोधत होते हे खरं, पण ती नोकरी त्या माणसाच्या हातात नव्हती. म्हणून ते पुस्तक स्वच्छ राहिलं.

गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धी राहील. टिळकांना जे सत्य सापडलं, त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं असेल त्यांना सांगायला नको. हिंदू घरातली बाई, पदरात लहान दत्तू, नवरा ख्रिस्ती झालेला. जवळजवळ पाच वर्षं त्या नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. त्या दिवसांचं दुःख त्यांनी पुढे हसत हसत लिहिलं, पण ते दुःख खोटं नव्हतं. एकाचं भलं होताना शेजारी कुणाचं घर मोडतंय का, हे ख्रिस्ती माणसानं टिळकांच्या गोष्टीतूनही शिकायला हवं.

मग लक्ष्मीबाई टिळकांकडे आल्या त्या ख्रिस्ती होऊन नाही. सोवळं सांभाळून आल्या. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी ते चालू दिलं. त्यांचं सोवळं हळूहळू सुटलं ते कुणी सोडायला लावलं म्हणून नव्हे. जातपात माणसानं केलेली आहे हे त्यांचं त्यांना उमगलं म्हणून. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायानं चालत जाऊन. पुढे प्लेगच्या साथीत याच बाईंनी आजाऱ्यांची सेवा केली आणि नवऱ्यामागे अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुरं केलं. मनानं आलेल्या माणसाचं बळ असं असतं.

माझ्या सातारकर मित्रासाठी आणखी एक. आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि तुझ्याच साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही चालत. माणसं मोजायचीच असती, तर टिळकांनी न घेतलेल्यांना दारातच थांबवलं असतं.

आता मूळ प्रश्न. मग ख्रिस्ती माणूस भलं करतो कशासाठी? बाहेरच्या पुष्कळांना वाटतं, स्वर्गात जागा मिळावी म्हणून. आमच्या शिकवणीत नेमकं हेच नाही. प्रोटेस्टंट मंडळीत लहानपणापासून कानावर येतं की पुण्य साठवून तारण विकत घेता येत नाही. ती देवाची कृपा आहे, फुकट मिळालेली. १५१७ साली मार्टिन लूथरनं आवाज उठवला तो पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकण्याविरुद्धच. फौजी भाषेत सांगायचं तर पगार आधीच खात्यात जमा झालेला आहे. आता ड्यूटी करायची ती पगारासाठी नव्हे, ज्यानं दिला त्याच्या प्रेमापोटी. अशा ड्यूटीत हजेरीपट राहत नाही. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, ही येशूची शिकवण त्याच अर्थाची. आणि हे लागू पडत असेल तर बाप्तिस्म्यांच्या आकड्यालाही लागू पडतं. पुण्य मोजायचं नाही, तसं माणसंही मोजायची नाहीत.

बोलायला हे सोपं आहे. रोजच्या व्यवहारात ते कसं येतं? आमच्या घरात त्या महिन्यात तीन गोष्टी ठरल्या.

पहिली, हॉस्पिटलच्या खाटेपाशी मोठ्यानं प्रार्थना करायची नाही. बायकोची इच्छा होती, दाईंसाठी ती घरी रोज करतच होती. पण खाटेवर पडलेलं माणूस उठून जाऊ शकत नाही. ज्याला उठून जाता येत नाही त्याला आपला देव ऐकवणं म्हणजे त्याच्या लाचारीचा फायदा घेणं. ज्यानं मदत घेतली त्याला 'नाही' म्हणायची मोकळीक राहिली पाहिजे. ती गेली की भलं उरत नाही, सौदा उरतो.

दुसरी, विचारलं तर लपवायचं नाही. एके दिवशी दाईंनीच विचारलं, "तैं काबर अतका करथस ओ?" म्हणजे, तू एवढं का करतेस ग? बायको म्हणाली, "येशूनं आमच्यासाठी खूप केलंय दाई, म्हणून." दाई म्हणाल्या, "हौ," आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या. विषय संपला.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. दाईंना घरच्या देवांची काळजी लागली होती. तुळशीला पाणी आणि तिन्हीसांजेला देवापुढे दिवा, एवढं कर म्हणाल्या आणि किल्ली बायकोच्या हातात दिली. तुळशीच्या पाण्याचं काही नव्हतं, ते झाड आहे. दिव्याचं काय? ख्रिस्ती बाईनं दुसऱ्याच्या देवापुढे दिवा लावावा का? त्या रात्री आम्ही बराच वेळ बोललो. इथल्या आमच्या मंडळीतही दोन मतं पडली. एका वडीलधाऱ्यांना ते पटलं नाही आणि त्यांनी ते प्रेमानंच सांगितलं. शेवटी बायको म्हणाली, "देव दाईंचा, दिवा दाईंचा, भक्तीही दाईंचीच. त्यांचा हात पोचत नाही म्हणून मी फक्त काडी ओढणार." आणि रोज संध्याकाळी तिनं दिवा लावला. हात जोडले नाहीत, नाटक केलं नाही. दिवा लावला, दार लावलं, घरी आली. दुसऱ्या कुणा ख्रिस्ती घरानं वेगळं ठरवलं असतं, तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. प्रत्येकाला आपल्या देवापुढे उत्तर द्यायचं असतं.

हे लिहिताना आँरी द्युनाँ आठवतो. १८५९ साली इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. हा जिनिव्हाचा व्यापारी आपल्या कामानिमित्त तिकडे गेला होता आणि रणांगणावर तडफडणारे जखमी बघून तिथेच थांबला. गावच्या बायकांना हाताशी धरून त्यानं दोन्ही बाजूंच्या सैनिकांना पाणी पाजलं, पट्ट्या बांधल्या. त्यातून १८६३ साली रेड क्रॉस उभी राहिली आणि १८६४ साली पहिला जिनिव्हा करार झाला. द्युनाँ पक्का श्रद्धाळू ख्रिस्ती होता. पण त्यानं उभं केलेल्या कामात जखमीचा झेंडा विचारत नाहीत, धर्म तर नाहीच. आपण फौजी आजही तो नियम पाळतो. शत्रूचा जखमी हाती लागला तर त्यालाही पट्टी बांधायची. मला वाटतं, ख्रिस्ती भलाईचा हा सगळ्यात चोख नमुना आहे आणि तो पाळायला ख्रिस्ती असावं लागत नाही.

दाईंचा मुलगा पुढच्या आठवड्यात आला. आईशी बोलला, मग आमच्याकडे आला. औषधांच्या पावत्या बायकोनं जपून ठेवल्या होत्या, त्या त्याच्यापुढे ठेवल्या. त्यानं पैसे दिले, आम्ही घेतले. घ्यायला हवेतच. सगळं फुकट करून माणसाला उपकाराखाली दाबून ठेवणं हीसुद्धा एक प्रकारची वसुलीच. डब्याचे पैसे मात्र घेतले नाहीत. त्याचा आखडलेपणा पुरता गेला असं म्हणणार नाही. ज्यांनी त्याला फोन केला ते गृहस्थ अजूनही माझ्या नमस्काराला उत्तर देत नाहीत. मी नमस्कार करतो. सवय आहे.

दाई आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात. तीजेच्या सणाला त्यांनी शेजारच्या मुलीकडून ठेठरी आणि खुरमी करवून घेतली आणि थाळीभर आमच्याकडे पाठवली. आम्ही पोटभर खाल्ली. शेजाऱ्यांत फक्त देणं चालत नाही, घेताही यायला हवं.

तर सुभेदार साहेब, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. हो, माणसं वाढवायला भलं करणारे आमच्यात होते, आहेत, आणि त्यामुळे तुला शंका येते ती रास्त आहे. पण ते आमच्या धर्माचं खरं रूप नव्हे. खरं रूप ओळखायची एक साधी खूण सांगतो. मदत घेणारा उद्या म्हणाला की तुमचा देव मला नको, तर परवा डबा जातो की नाही, एवढं बघ. जात असेल तर ते भलं. बंद झाला तर कुठल्याही धर्माचा माणूस असो, तो दुकान चालवत होता.

उद्या पहाटे कॉलेजच्या मैदानात फॉलिन आहे. पोरं अजून 'दाहिने मुड'ला डावीकडे वळतात. भेटू पुढच्या डायरीत.

जय हिंद.